लिस्बन ते लिस्बन: पहिल्यांदाच युरोपात गाडी चालवणाऱ्यांसाठी निवांत रोडट्रिप

सगळ्यात आधी यादीतली शहरं खोडायला घ्या. तिकीट, व्हिसा, गाडी सगळं नंतर. आमची पहिली यादी होती बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, ग्रॅनडा, कोर्दोबा, सेविया, लिस्बन, पोर्तो आणि वर "जमलं तर जिब्राल्टर", हे सगळं १५ दिवसात. नवऱ्याने मस्त रंगीत एक्सेल केली होती, दिवसाला सरासरी पाच तास ड्रायव्हिंग. सासूबाईंनी चष्मा लावून ती एक्सेल खालपर्यंत बघितली आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे आपण बघायला चाललोय का माल पोचवायला?" त्या रात्री अर्धी यादी उडाली आणि जे उरलं ते आमच्या आजवरच्या सगळ्या ट्रिपांमधलं बेस्ट निघालं.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, ७१ वर्षांच्या सासूबाई आणि ८ वर्षांची लेक. गाडी मी चालवते, नवरा मॅप बघतो, असंच आमचं ठाण्यातही चालतं. हा प्लॅन पोर्तुगालचा दक्षिण भाग आणि स्पेनचा आंदालुसियाचा पश्चिम कोपरा असा गोल आहे, जसाच्या तसा उचला किंवा तुमच्या हिशोबाने कापा.

रात्री मोजा, किलोमीटर नाही

लिस्बन ३ रात्री, एव्होरा १, सेविया ३ (आपण इंग्रजीत सेव्हिल म्हणतो ते), कादिझ २, तवीरा २, लागोस २, मिलफॉन्तेस १, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री परत लिस्बन १. एकूण १५ रात्री. साग्रेस वगैरे फिरणं धरून गाडी साधारण १४०० किमी होते, म्हणजे पंधरवड्याला काहीच नाही. एका दिवसात चार तासांच्या वर ड्रायव्हिंग नाही हा नियम ठेवा, कारण मॅप जे चार तास दाखवतो ते कॉफी, बाथरूम, "थांब ना फोटो काढू" आणि एखादा चुकलेला फाटा धरून सहा होतात.

गोल का, तर गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की वन-वेचे जे पैसे लावतात ते बघून डोळे पांढरे होतात. लिस्बनला घ्यायची, लिस्बनलाच द्यायची. मात्र गाडी स्पेनमध्ये नेणार आहे हे बुकिंग करताना सांगायचं आणि लेखी घ्यायचं, काही कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेतात. न सांगता नेली आणि तिकडे काही झालं तर इन्शुरन्स हात वर करू शकतो.

नकाशावर अजून एक फसवणूक आहे. कादिझ आणि पोर्तुगालची हद्द समुद्राच्या काठाने अगदी शेजारी वाटतात, आम्हाला वाटलं किनाऱ्या-किनाऱ्याने जाऊ. पण मध्ये ग्वादालकिविर नदीचं मुख आणि दोन्याना नॅशनल पार्क आहे, तिथून आरपार रस्ताच नाही, सेवियापर्यंत मागे येऊन वळसा घालावा लागतो. तेव्हा कादिझ ते तवीरा हे ३ तास धरा, दीड नाही.

महिना? सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य, नाहीतर एप्रिलचा दुसरा भाग आणि मे. जुलै-ऑगस्टला सेवियात पारा ४० च्या वर जातो, एव्होराकडेही तीच गत, त्यामुळे शाळेच्या सुट्टीत जायचंच असेल तर सेविया कापा आणि समुद्राकाठच्या रात्री वाढवा. ईस्टरच्या आधीचा आठवडा आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येणारी सेवियाची जत्रा, फेरिया, हे बघायला जबरदस्त, पण हॉटेलचे भाव तिप्पट आणि गाडी लावायला जागा शून्य.

व्हिसा कुठला

पोर्तुगाल-स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा एकच, पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे रात्री मोजून ठरतं. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. दोन्हीकडे सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तो देश. आपल्या प्लॅनमध्ये पोर्तुगाल १० आणि स्पेन ५, म्हणजे विषय संपला, पोर्तुगाल. तुम्ही प्लॅन बदलून सेविया-कादिझ वाढवलंत तर हे गणित परत करा, कारण अर्जाला रोजचा कार्यक्रम आणि हॉटेल बुकिंग जोडायचं असतं आणि समोरचा माणूस ते मोजतो.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना नाही, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत १५ दिवस आधी, पण त्या १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका, अपॉइंटमेंट मिळायलाच कधीकधी महिना जातो. हॉटेलं सगळी फ्री कॅन्सलेशनवाली घ्या, व्हिसा हातात आला की मग हवी तशी बदला. आणि हो, १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन हद्दीवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी सिस्टीम सुरू झालीय, त्यामुळे पुढच्या कनेक्शनला दीड तासाचं अंतर ठेवायची हौस नको. मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. दुबई किंवा इस्तंबूलला बदललं तर इमिग्रेशन लिस्बनलाच होतं, युरोपातल्या शेंगेन विमानतळावर बदललं तर तिथेच.

लायसन्स, कार्ड आणि गाडी

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढा, सारथी पोर्टलवर अर्ज होतो, एक वर्ष चालतं. पासपोर्ट आणि तिकीट-व्हिसाची कॉपी हाताशी ठेवा. ते परमिट म्हणजे तुमच्या लायसन्सचं भाषांतर असतं, त्यामुळे सोबत ओरिजिनल लायसन्सचं कार्ड हवंच, मोबाईलमधलं डिजिलॉकर तिथल्या काउंटरवर कोणी ओळखत नाही. दोघं चालवणार असाल तर दोघांची परमिटं काढा आणि दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव करारात घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्रेडिट कार्ड. ज्याच्या नावावर गाडी त्याच माणसाच्या नावाचं, छापील नंबर असलेलं, खरंखुरं क्रेडिट कार्ड. डिपॉझिटची रक्कम त्यावर ब्लॉक होते. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्डवर बऱ्याच कंपन्या गाडी देत नाहीत, किंवा देतात पण त्यांचा महागडा इन्शुरन्स गळ्यात मारतात. माझं कार्ड पहिल्या फटक्यात डिक्लाईन झालं, का तर बँकेच्या अॅपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू केले होते पण लिमिट ५०,००० रुपयेच ठेवलं होतं. मागे लाईन, पुढे हसरी मुलगी, आणि मी विमानतळाच्या वायफायवर ओटीपीची वाट बघतेय. हे घरून निघायच्या आधी करा.

इन्शुरन्समध्ये एक शब्द समजून घ्या, एक्सेस. म्हणजे नुकसान झालं तर त्या रकमेपर्यंतचे पैसे तुमचे, त्यावरचे इन्शुरन्सचे. हा एक्सेस शून्य करायचं पॅकेज काउंटरवर घेतलं तर महाग पडतं, आधीच ऑनलाईन घेतलेलं स्वस्त असतं पण त्यात पैसे आधी तुम्ही भरता आणि नंतर क्लेम करता. आम्ही काउंटरवरचं घेतलं. नवरा अजूनही म्हणतो पैसे गेले, मी म्हणते झोप लागली. टायर, काच आणि गाडीचा तळ त्यात धरलाय का तेवढं विचारा.

ऑटोमॅटिक गाड्या तिकडे कमी आणि महाग असतात, तरीही ऑटोमॅटिकच घ्या. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा, त्यात उजव्या हाताने गिअर कशाला. दोन महिने आधी बुक करा. आणि मोठी गाडी घेऊ नका! चौघं आणि चार मोठ्या बॅगा म्हणून एसयूव्ही घ्यायचा मोह होतो, त्यापेक्षा बॅगा दोन करा. का ते सेवियात कळेल. मुलाची उंची १३५ सेंटीमीटरच्या आत असेल तर चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतोच, दोन्ही देशांत.

लिस्बनच्या पहिल्या तीन दिवसांसाठी गाडी घेऊच नका. गाडी शहरांच्या मधल्या भागासाठी आहे, शहरासाठी नाही. लिस्बन म्हणजे चढ-उतार, ट्रामचे रूळ आणि पायाखाली गुळगुळीत झालेली दगडी फरसबंदी, पाऊस पडला की अक्षरशः घसरगुंडी, तेव्हा चांगल्या ग्रिपचे बूट न्या. २८ नंबरची ट्राम सगळे सांगतात, त्यात पाकीटमारही सगळे असतात, पुढच्या खिशात फोन ठेवून सकाळी लवकर बसा. लिस्बनच्याच बेलें भागात जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे, कोचीत १५२४ साली मेलेला माणूस इथे दगडात हात जोडून निवांत पडलाय. सासूबाई माहेरच्या वसईच्या, त्यांनी समाधीकडे बघून चिमाजी अप्पांचं नाव घेतलं आणि पुढे गेल्या. मठ सोमवारी बंद असतो, बाकी दिवशी लाईन लांब, उघडायच्या आधी पोचा.

गाडी ताब्यात घेताना

चौथ्या दिवशी सकाळी विमानतळावरून गाडी घ्या, शहराच्या आतून नाही, कारण विमानतळावरून थेट हायवे लागतो. पोर्तुगीजमध्ये किल्लीला शाव्ह म्हणतात, आपली चावी तिथूनच आलीय, बटाटा, पाव, घमेलं हे पण.

चावी हातात आली की लगेच निघू नका, गाडीभोवती एक संपूर्ण फेरी मारून व्हिडिओ काढा. छत, चारही चाकांच्या रिम, पुढची काच, बंपरच्या खालचा भाग, आत पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. पार्किंगमध्ये अंधार असेल तर गाडी उजेडात काढून मग काढा. कागदावर जे ओरखडे लिहिलेत त्याच्याशी जुळवा, नसलेला दिसला तर तिथेच लिहून घ्या. डिकीत त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट आहे का बघा. आणि टोलचं डिव्हाईस मागा, पोर्तुगालचा व्हिया व्हेर्दे म्हणजे त्यांचा फास्टॅग, काचेला लावलेली छोटी डबी असते. ती चालू असेल तरच हिरव्या रंगाच्या व्ही लेनमधून जायचं, नसेल तर तिकीट घेऊन पैसे भरायच्या लेनमधून. गंमत म्हणजे लिस्बनच्या दोन्ही मोठ्या पुलांना शहरात येतानाच टोल आहे, बाहेर जाताना नाही. अल्गार्वेचा, म्हणजे पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्याचा, ए२२ हायवे १ जानेवारी २०२५ पासून टोलमुक्त आहे, सेविया-कादिझचा एपी-४ तर २०२० पासूनच, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून घाबरू नका.

पंपावरचा एक सापळा मात्र पक्का लक्षात ठेवा. गासोलिना म्हणजे पेट्रोल आणि गासोलेओ म्हणजे डिझेल. ऐकायला दोन्ही सारखं, आणि पंपावर भरायचं आपणच. गाडीच्या झाकणावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा.

पहिला तास

पहिला तास घाबरायचाच आहे, त्याची लाज नको. एक युक्ती मला फार कामी आली: ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला बसलेला असला पाहिजे. इथे आपण असंच बसतो, तिथेही असंच, फक्त बाजू बदलते. चूक हायवेवर होत नाही कारण सगळेच तुमच्या दिशेने चाललेले असतात. चूक होते सकाळी सहा वाजता रिकाम्या पंपातून बाहेर पडताना, जेव्हा बघून शिकायला दुसरी गाडीच नसते. माझी तिथेच झाली, लेक मागून ओरडली "आई उजवीकडे!" तेव्हा सावरलं.

दुसरी सवय म्हणजे गाडी नकळत उजवीकडे सरकते, कारण उजवीकडे गाडीचा केवढा भाग शिल्लक आहे याचा अंदाज डोक्याला नसतो. शेजारी बसलेल्याने पहिले दोन दिवस मॅप सोडून उजवा आरसाच बघावा. सर्कलला उलट्या दिशेने फिरायचं, म्हणजे उजवीकडे वळून आत शिरायचं, आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. एक्झिट चुकलं तर निवांत अजून एक चक्कर मारा, आम्ही एकदा तीन मारल्या. हायवेला १२० ची लिमिट, साध्या रस्त्याला ९०, गावात ५०, आणि स्पेनच्या शहरांत एकेरी लेनच्या रस्त्यांना ३०. डावी लेन फक्त ओव्हरटेकला, ओव्हरटेक झाला की परत उजवीकडे यायचं, नाहीतर मागचा दिवे मारतो. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस नुसता उभा दिसला तरी थांबायचं. हॉर्न विसरून जा. १५ दिवसात मी एकदाच वाजवला, तोही चुकून वायपर शोधताना.

रस्ता

लिस्बन ते एव्होरा १३५ किमी, दीड तास, पहिल्या दिवसाला एकदम बरोबर. वाटेत दोन्ही बाजूंना बुचाची झाडं लागतात, कॉर्क ओक. खोडाची साल बुंध्यापासून वर फांद्यांपर्यंत सोललेली, आत तांबूस-लाल लाकूड, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक मोठा आकडा. आम्हाला वाटलं वनखात्याने मोजलीयत. तर ज्या वर्षी साल काढली त्या वर्षाचा शेवटचा अंक लिहितात, कारण पुन्हा साल काढायला ९ वर्षं थांबावं लागतं. म्हणजे ४ लिहिलं असेल तर २०२४ ला सोललं, आता २०३३ पर्यंत हात लावायचा नाही. लेकीने पुढचा तासभर नुसते आकडे वाचले, मोबाईल मागितला नाही, यापेक्षा पैसे वसूल अजून काय असतं.

एव्होरात तटबंदीच्या बाहेर मोठी पार्किंग आहेत, गाडी तिथेच सोडा आणि आत चालत जा. रोमन देऊळ बघा, आणि हाडांचं चॅपल. भिंती माणसांच्या कवट्या आणि हाडांच्या, दारावर लिहिलंय की आम्ही हाडं इथे आहोत, तुमच्या हाडांची वाट बघतोय. लहान मुलांना न्यायचं का हे तुम्ही ठरवा, आमची घाबरली नाही, पण रात्री झोपताना स्वतःचं मनगट चाचपत होती.

एव्होरा ते सेविया हायवेने न जाता मोन्साराझवरून आणि मग आरासेनाच्या डोंगरातून जा. अंतर अडीचशे-पावणेतीनशे किमी, वेळ चार तास, पण हा सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात सुंदर रस्ता. मोन्साराझ टेकडीवरचं एवढंसं गाव, खाली अल्केव्हाचं अवाढव्य धरण. हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही, नुसती एक निळी पाटी. आणि इथेच आम्ही फसलो: स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे आहे. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ आणि नवऱ्याच्या हातातलं नाही. आम्ही आरासेनात कॉफी घेत "अजून भरपूर वेळ आहे" म्हणत बसलो आणि सेवियातली संध्याकाळची वॉकिंग टूर आम्ही पोचायच्या आधीच निघून गेली होती. त्या दिवसाला काहीच वेळेचं बुकिंग ठेवू नका. परतीला मात्र एक तास फुकट मिळतो.

सेवियात हॉटेल जुन्या शहराच्या बाहेर आणि स्वतःचं पार्किंग असलेलं घ्या. आम्ही हुशारी करून सांता क्रूझच्या गल्लीत अपार्टमेंट घेतलं होतं, मॅपने सरळ आत नेलं, पुढे गल्ली निमुळती होत गेली, दोन्ही आरसे मिटले तरी भिंतीला आणि गाडीला मध्ये जेमतेम चार बोटं. रिव्हर्समध्ये बाहेर यायला पंचवीस मिनिटं. एका दुकानातले आजोबा एप्रन लावूनच बाहेर आले आणि हातवारे करत मागे-मागे घेऊन गेले, "रेक्तो, रेक्तो", म्हणजे सरळ ठेव. मग गाडी बाहेरच्या अंडरग्राउंड पार्किंगला टाकली आणि तीन दिवस तिला हात लावला नाही. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नको. रस्त्यावर लावायची असेल तर निळ्या रेषा म्हणजे पैसे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे लावूच नका. पार्किंगच्या मशीनवर पैसे भरायच्या बटणावर लिहिलेलं असतं पगार. आपल्याकडे मिळतो, तिकडे द्यायचा.

सेवियात अल्काझार राजवाडा आणि कॅथेड्रल दोन्हींची तिकिटं आधी ऑनलाईन काढा. कॅथेड्रलच्या हिराल्दा मनोऱ्याला शेवटचे थोडे सोडले तर पायऱ्या नाहीत, ३५ उतरंडी आहेत, पूर्वी अजान द्यायला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून. सासूबाई गुडघ्याला बेल्ट लावून वरपर्यंत गेल्या, आम्हीच धापा टाकत होतो. दुपारी २ ते ५ शहर झोपतं, तुम्हीही झोपा.

कादिझ दीड तासावर. जवळजवळ चारही बाजूंनी समुद्र, पिवळसर दगडाची घरं, टोकाला सोनेरी घुमटाचं कॅथेड्रल. इथे बघायचं काही नाही, राहायचं आहे. सकाळी मार्केटमध्ये मासे बघा, संध्याकाळी ला कालेता बीचवर पाय सोडून बसा. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस काढून वेहेर हे पांढऱ्या घरांचं गाव करून या, तासाभराच्या आत आहे.

मग तवीरा. हद्दीवर ग्वादियाना नदीवरचा पूल लागतो, तो ओलांडायच्या आधीच स्पेनच्या बाजूला टाकी फुल करा, पोर्तुगालमध्ये पेट्रोल सहसा महाग असतं. तवीरात मिठागरं आहेत, अगदी आपल्या भाईंदर-वसईसारखी, आणि त्यात फ्लेमिंगो पण तसेच. बीच समोरच्या बेटावर आहे, फेरीने जायचं. लागोसचे पिवळे-तांबडे कडे तुम्ही फोटोत हजारदा पाहिलेत, प्रत्यक्षातही तसेच आहेत, सकाळी ९ च्या आत जा, पुढे गर्दी. पाणी थंड आहे, ऑगस्टमध्ये सुद्धा, गोव्याच्या हिशोबाने उडी मारू नका. साग्रेसच्या पुढे साओ व्हिसेंते हे युरोपच्या मुख्य भूमीचं नैर्ऋत्य टोक, सूर्यास्ताला जॅकेट घेऊन जा, वारा उभं राहू देत नाही.

लागोसहून वर मिलफॉन्तेसपर्यंतचा किनारा बहुतेक लोक सोडतात आणि हायवेने लिस्बन गाठतात. तसं करू नका. काबो सारदाओला करकोचे समुद्रातल्या खडकाच्या सुळक्यांवर घरटी करतात, खाली लाटा फुटतायत आणि वर पिल्लं, पण ती वसंतात. आम्हाला ऑक्टोबरात नुसती रिकामी घरटी दिसली. परतीच्या दिवशी वाटेत सिनेस लागतं, वास्को द गामाचं गाव. पाच मिनिटं थांबलो.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहत नाही, पण बोलावं लागतं. नुसतं मांस नको म्हटलं तर स्पेनमध्ये हॅम आणि ट्युना चालतंय असा समज होऊ शकतो. "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो" असं तिन्ही मोजून म्हणा. सेवियात पालक-छोले मिळतात, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, जिरं घातलेले, सासूबाईंनी तीन दिवसात चार वेळा खाल्ले. वांग्याचे काप तळून त्यावर काकवीसारखा पाक घालतात, तेही मागा. साल्मोरेहो हे थंडगार टोमॅटोचं सूप, वर हॅम आणि अंडं भुरभुरतात, तेवढं नको सांगायचं. मासे खात असाल तर कादिझला तोर्तियितास दे कामारोनेस खाऊन या, बारीक कोळंबीची कुरकुरीत जाळीदार भजी. ताट टेबलावर आलं आणि सासूबाईंनी लांबूनच वासावरून सांगितलं, यात डाळीचं पीठ आहे. विचारलं तर खरंच, हरभऱ्याचं पीठ.

पोर्तुगालमध्ये बसल्या-बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर आणून ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात येतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवा. एव्होराकडचं मेंढीच्या दुधाचं चीज काटेरी फुलांच्या अर्काने विरजतात, त्यामुळे रेनेट, म्हणजे प्राण्याच्या पोटातलं विरजण, न चालणाऱ्यांनाही चालतं. रेस्टॉरंटची जेवणं स्पेनमध्ये रात्री साडेआठच्या आधी सुरूच होत नाहीत, लहान मूल असेल तर अवघड होतं, म्हणून एक दिवसाआड किचनवालं अपार्टमेंट घ्या. पोर्तुगालच्या दुकानात कारोलिनो नावाचा तांदूळ मिळतो, आपल्या आंबेमोहरासारखा मऊ होतो, खिचडीला एक नंबर. डाळ, हिंग, हळद घरून न्या. स्पेनमध्ये रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात, शनिवारीच दूध-भाजी भरा.

गाडी परत देताना

शेवटच्या दिवशी विमानतळाजवळच्या पंपावर टाकी फुल करा आणि पावती खिशात घाला. परत द्यायला दोन तास आधी पोचा. परत एकदा तसाच व्हिडिओ, माणूस समोर असताना. आमच्या गाडीच्या मागच्या रिमवर त्यांना ओरखडा दिसला, तोंडावरून कळत होतं की हे बिल होणार. मी पहिल्या दिवशीचा व्हिडिओ काढला, त्या सेकंदाला थांबवला आणि फोन पुढे केला. त्याने झूम करून बघितलं, "ओके" म्हणाला आणि कागदावर सही केली. त्या सहीची कॉपी मागून घ्या, डिपॉझिट लगेच सुटत नाही. आमचं अकराव्या दिवशी सुटलं, तोपर्यंत ती कॉपी आणि पेट्रोलची पावती फ्रिजवर पिवळ्या ट्रामच्या मॅग्नेटखाली लटकत होती.